करवंटीचा घोडा

‘आई, फोनवर नकाशा उघड. मी सांगते ते आकडे टाक आणि बिंदू कुठे पडतोय ते बघ.’

मार्चमधला रविवार, दुपारचे साडेतीन. ओटा आवरून मी जरा टेकले होते. लेकीच्या घड्याळात, तिकडे स्कॉटलंडात, सकाळचे दहा. आकडे टाकले आणि म्हटलं, ‘अगं, हे तर तळ्याच्या मधोमध येतंय!’

‘तेच तर ना!’ ती म्हणाली आणि खळखळून हसली.

मैत्रिणींनो, ते हसणं ऐकायला मी तीन महिने कान लावून बसले होते.

सप्टेंबरात ती स्टर्लिंगला शिकायला गेली. पहिले दोन महिने रोज फोन, रोज फोटो. डिसेंबरात तिथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. तसतशी हीसुद्धा मावळत गेली. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘काय?’ ‘काहीतरी.’ जानेवारीत एके रात्री म्हणाली, ‘मी परत येते.’ हे लगेच म्हणाले, ‘ये बाळा.’ मी म्हटलं, ‘थोडं थांब.’ डोळ्यांपुढे बँकेचं कर्ज होतं, खोटं कशाला बोलू? गेली अकरा वर्षं मी कौटुंबिक सल्ला केंद्रात बसते. दुसऱ्यांच्या मुली माझ्याशी तासन् तास बोलतात आणि माझी पोर एका शब्दात उत्तर देत होती. ते ‘थांब’ बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

तिला खोलीबाहेर काढलं ते तिच्या घरमालकीणबाईंनी. साठीच्या पुढच्या या बाईंना रानोमाळ डबे शोधायचं वेड. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी उपग्रहाच्या मदतीने तो हुडकायचा. उपग्रहाकडून मिळणाऱ्या माहितीत अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरसुद्धा चुकायचं. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ते बंद झालं. लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली रानात ठेवून तिचे आकडे जाहीर केले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल असं काहीबाही. नियम एकच, काही घेतलंत तर काही ठेवा आणि वहीत नाव लिहा. खाऊ मात्र ठेवायचा नाही, वासावर जनावरं येतात. मला आपलं संक्रांतीचं लुटणंच आठवलं.

डबे शोधायला लेक आधी जाईचना. मग बाईंनी तिला एक कोड्याचा डबा दाखवला. यात जाहीर केलेले आकडे खोटे असतात, खरे आपण शोधायचे. कोड्याला सशाचं चित्र होतं आणि खाली एवढंच, की हे आकडे आर्थर राजाने स्वतः मोजले आहेत. ते बघून आमची पोर उठून बसली. कारण ससा आणि आर्थर राजा म्हणजे तिची लाडकी मॉन्टी पायथनची मंडळी!

तिचं शिक्षण कॉम्प्युटरचं. त्यात पायथन नावाची एक भाषा आहे. मला वाटायचं, अजगरावरून नाव असेल. तर नाही! ही भाषा तयार करणाऱ्या गिडो व्हॅन रॉसमने ते या विनोदी मंडळींवरून ठेवलं. ही सहा जणं. त्यांचा कार्यक्रम १९६९ साली बीबीसीवर सुरू झाला. १९७५ साली त्यांनी आर्थर राजाच्या गोष्टीची टिंगल करणारा सिनेमा काढला, स्कॉटलंडातच. पैसे इतके कमी की घोडे परवडेनात. म्हणून राजा नुसताच घोड्यावर बसल्यासारखा उड्या मारत चालतो आणि मागून नोकर नारळाच्या दोन करवंट्या वाजवतो. टॉप टॉप, टॉप टॉप. झाला घोडा!

कोडं सोडवायचं म्हणून हा सिनेमा आम्ही दोघींनी एकाच वेळी बघितला, ती तिकडे, मी इकडे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. इंग्रजी विनोद मला कितपत कळणार? पण करवंट्या बघून मी हसत सुटले. आपल्या वगात नाही का, राजा रंगमंचावर दोन फेऱ्या मारतो की पोचला मुंबईला? बाकी एका सरदाराचे हातपाय एकेक करून तुटतात, त्यात हसण्यासारखं काय ते मला काही कळलं नाही. तसं लेकीला सांगितलं, तर त्यावरून पाऊण तास भांडलो. इतकं ती नोव्हेंबरनंतर बोललीच नव्हती.

कोडं मात्र सुटेना. तिने पक्ष्यांच्या उडण्याचा वेग घेतला, नारळाचं वजन घेतलं, कागद भरून गणितं केली. शेवटी त्या रविवारी दोघी तळ्याकाठी जाऊनच उभ्या राहिल्या. हे तळं म्हणजे लॉख टे. त्याच्या दक्षिणेच्या डोंगरात टोमनाडॅशन नावाची तांब्याची जुनी खाण आहे. सिनेमातल्या खुनशी सशाची गुहा तीच.

मी नकाशाकडे बघत होते. बचत गटाची वही तपासून तपासून माझ्या डोळ्यांना एक सवय लागली आहे, मोजण्यातली चूक आधी दिसते. म्हटलं, ‘अगं, तुझा तो राजा मोजताना दर वेळी चुकतो ना? ससा मारायला बॉम्ब टाकतो तेव्हासुद्धा. तीन म्हणायचं तिथे पाच म्हणतो.’

पलीकडे एकदम शांतता.

जाहीर अक्षांशात दशांशचिन्हानंतरचा पहिलाच आकडा पाच होता. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. पाच पुसून तीन लिहिलं की जागा ३७० मीटर दक्षिणेला सरकते. बिंदू पाण्यातून निघाला आणि थेट डोंगरउतारावर जाऊन बसला!

‘आई!!’ एवढंच ऐकू आलं, मग फोन कट.

परत लागेना. डोंगरात रेंज नाही, हे कळत होतं. चढणीची कठीणपणा एक ते पाचमध्ये मोजतात, इथली तीन, म्हणजे अगदी सोपी नव्हे, हेही तिने सांगितलं होतं. तरी दोन तास जीव टांगणीला. चिखल असेल, पाऊस आला असेल, बाईंचं वय झालेलं... ह्यांनी टीव्ही लावला, तो मी बंद केला. देवापाशी दिवा लावत होते तेव्हा फोटो आला. झाडाच्या मुळाशी दगडांमागे लपवलेला घट्ट झाकणाचा डबा. नेमका कुठे ते सांगत नाही, या खेळाचा तो दंडक आहे. आत प्लास्टिकचा छोटासा पांढरा ससा होता. तो तिने घेतला आणि सावंतवाडीचा लाकडी भोवरा ठेवला. वहीत बाईंची सही, खाली लेकीची, त्याखाली देवनागरीत माझं नाव. बाजूला तिने इंग्रजीत लिहिलं होतं, मोजणी हिने केली.

रात्री तिने स्वतःहून फोन केला. भात आणि आमटी केली होती, बाईंनाही वाढली. परत येण्याचा विषय तिने काढला नाही. मीही विचारलं नाही.

जाता जाता म्हणाली, ‘स्टर्लिंगजवळ डूनचा किल्ला आहे. सिनेमातले बहुतेक किल्ले म्हणजे तोच एक, फिरवून फिरवून दाखवलेला. तिथे लोक करवंट्या वाजवत हिंडतात. आई, दोन पाठवशील?’

शेजारचा मुलगा पुढच्या आठवड्यात लंडनला निघालाय. चांगला मोठा नारळ बघून आणला, नीट मधोमध फोडला, खोबरं काढून करवंट्या उन्हात वाळवल्या आणि पॉलिशपेपरने घासत बसले. आवाज बघावा म्हणून फरशीवर वाजवल्या, तर हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, ‘हे काय चाललंय?’

म्हटलं, ‘घोडा आहे. स्कॉटलंडला पाठवायचाय.’