ईडन प्रेरीचा झरा आणि न शिजलेली डाळ

भारतातून आई-बाबा आले की आपल्या सर्वांचा कार्यक्रम ठरलेला असतो: मॉल ऑफ अमेरिका, मिनेहाहाचा धबधबा, मेपल ग्रोव्हचे देऊळ. ईडन प्रेरीची मंडळी त्यात स्टेअरिंग लेकची फेरी आणि कम्युनिटी सेंटर घालतात. तिथे मुले पोहतात, स्केटिंग करतात आणि आजी-आजोबा शाल पांघरून काचेमागे बसतात. आमच्याकडेही असेच चालले होते. एके दिवशी आईंनी विचारले, "सगळं छान आहे रे, पण तुमच्या या गावात जुनं काही आहे की नाही?"

इतकी वर्षे राहूनही आमच्याकडे उत्तर नव्हते. मग शोध सुरू झाला.

एलिझाबेथ एलेट या लेखिकेने १८५२ मध्ये इथले माळरान पाहून त्याला 'ईडन'ची उपमा दिली, तेच नाव गावाला पडले. आदल्याच वर्षीच्या तहांनी ही जमीन डकोटा लोकांच्या हातून गेली होती, हेही मुलांना सांगायला हवे. पायोनियर ट्रेलवरचे कमिन्स यांचे विटांचे घर १८७९-८० चे. ईडन प्रेरी रोडवरचे स्मिथ-डग्लस-मोर घर १८७७ चे. तिथे आता कॉफी मिळते! "म्हणजे आमच्या वाड्यापेक्षा लहानच," आई म्हणाल्या.

पण स्प्रिंग रोडवरचा फ्रेड्रिक-मिलर झरा पाहून मात्र त्यांनी हात जोडले. रस्त्याच्या कडेला पाइपातून अखंड पाणी वाहते आणि लांबून लांबून लोक कॅन घेऊन येतात. पैसे नाहीत, कुलूप नाही. रांगेत रशियन आजीही भेटतात आणि आपले तेलुगू शेजारीही. ऐन जानेवारीतही धार सुरू असते, कारण जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही.

घरी येऊन आईंनी त्याच पाण्यात वरण लावले. तूरडाळ काही शिजेना! आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले, तेव्हा खुलासा करणे भागच होते. हिमयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चुनखडीच्या गाळातून इथले पाणी झिरपते आणि कॅल्शियम घेऊन येते. हे कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवते, म्हणून दाणा मऊ होत नाही. आपल्या नळाचे पाणीही भूगर्भातलेच, पण शहर ते प्रक्रिया करून मऊ करते. "आमच्या विहिरीचंही पाणी असंच होतं," आई म्हणाल्या. त्या दिवसापासून वरणाला नळाचे आणि प्यायला झऱ्याचे, अशी वाटणी झाली.

शहर झऱ्याच्या पाण्याची तपासणी करते, पण त्यात क्लोरीन घातलेले नसते. म्हणून कॅन धुऊन न्यावेत आणि पाणी फार दिवस साठवू नये. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी नळाचेच पाणी वापरावे. उकळल्याने जंतू मरतात, पण कोणत्याही पाण्यात नायट्रेट असेल तर ते जात नाही.

आता थोडे आपल्याविषयी. थंडीत ड्राइव्हवेवर आपण जे मीठ मुठीमुठीने टाकतो, ते बर्फाबरोबर वितळून तळ्यांत आणि जमिनीत जाते. चमचाभर मिठाने सुमारे पाच गॅलन पाणी बिघडते आणि ते मीठ परत काढता येत नाही. लॉनच्या खताचेही तेच. तेव्हा आधी फावड्याने बर्फ काढावा, मग मीठ बेताने टाकावे. मीठ कोरड्या जमिनीवर राहिले तर झाडून परत डब्यात भरावे.

आई परत गेल्या. आता फोनवर बर्फाची चौकशी नंतर, आधी "झरा वाहतोय ना?" हा प्रश्न असतो. आपले पाहुणे आले की त्यांना मॉलबरोबर झऱ्यावरही जरूर न्यावे. मात्र मागे रांग असेल तर दोन-चार कॅन भरून बाजूला व्हावे, ही विनंती!