ट्रेलरच्या दांडीवरील बॅटरी

अमेरिकेत मोटारीच्या मागे नाव, घोडे किंवा चाकांवरचे फिरते घर जोडून दूरदूरचा प्रवास करण्याची चाल आहे. आणि विद्युत्-ब्रेक असलेल्या अशा ट्रेलरची कडी भर रस्त्यात निसटून साखळ्याही तुटल्या, तर त्याला थोपविण्याची जी अखेरची तजवीज असते, ती त्याच्या दांडीवरील डबीतल्या १२ व्होल्टच्या लहानशा बॅटरीवर सर्वस्वी अवलंबून असते.

वेस्टिंगहाउसच्या स्वयंचलित हवेच्या ब्रेकमध्ये आगगाडीचा डबा सुटला, नळी तुटली व हवा निघून गेली, की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे तेथे बिघाडच गाडी थांबवितो. हलक्या ट्रेलरच्या विद्युत्-ब्रेकचा न्याय याच्या नेमका उलट आहे. चाकाच्या ड्रममधील विद्युच्चुंबक प्रवाह मिळताच फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्या ओढीने तरफ हलते आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. प्रवाह नसेल, तर ब्रेकही नाही. एरवी हा प्रवाह पुढच्या मोटारीतून येतो. जोड तुटताच तो खुंटतो. मात्र त्याच वेळी मोटारीला बांधलेली बारीक तारदोरी दांडीवरील स्विचमधली खुंटी उपसते आणि बॅटरी चुंबकांशी जोडली जाते. ही दोरी मोटारीच्या सांगाड्यालाच बांधावी. कडीच्या गोळ्याला बांधली आणि गोळाच निखळला, तर दोरी त्याच्याबरोबर जाते आणि खुंटी जागची हलत नाही.

सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक निदान १५ मिनिटे लागून राहिले पाहिजेत, असा तेथील संघराज्य सरकारच्या मोटार-वाहतूक नियमांचा दंडक आहे. एका चुंबकाला सुमारे ३ अँपिअर धरले, तर चार चाकांना १२ आणि पाव तासाला ३ अँपिअर-तास लागतात. बॅटरी सामान्यतः ५ अँपिअर-तासांची असते. परंतु इतक्या जोराने उपसल्यास ती आपली पूर्ण शक्ती कधीच देत नाही, आणि हिवाळाभर अंगणात बेवारस पडून तिची पत्रे गंधकाच्या क्षारांनी माखली असतील, तर हा हिशेब कागदावरच राहतो.

मला या व्यवस्थेतील खरा धोका वाटतो तो हा, की मेलेली बॅटरी रोजच्या प्रवासात कसलीही तक्रार करीत नाही. डबीवरचा दिवा फार तर तिच्यातील भार सांगेल. गंजलेल्या तारेची खबर तो देणार नाही. म्हणून मोटारीचा विजेचा प्लग आधी काढून, म्हणजे तिच्या ब्रेक-नियंत्रकाला इजा होणार नाही, खुंटी स्वहस्ते उपसावी आणि मोटार हळूच पुढे घ्यावी. चाके अडली पाहिजेत. खात्री पटताच खुंटी पुन्हा बसवावी, नाहीतर त्या परीक्षेतच बॅटरी रिकामी होईल.