पान सात

सकाळी नऊ. रायपूरच्या तात्यापाऱ्यातून स्कूटर काढते. डबा घेतला, कपाटाची किल्ली पर्समध्ये आहे ना ते दोनदा पाहिलं. सरकारी प्राथमिक शाळेत माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे आणि वाचनालयही.

दहा. प्रार्थना, हजेरी, गैरहजर पोरांच्या घरी फोन.

अकरा. वाचनाचा तास. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर वसुली आपल्याकडून होईल, या धास्तीनं कित्येक गुरुजी कपाट उघडतच नाहीत. तिथं पुस्तकावर बंदी घालायची वेळच येत नाही. आमचं कपाट उघडतं, म्हणून पुस्तकं मळलेली आहेत. कोल्ह्याच्या गोष्टीवर भाताचं शीत वाळून बसलंय, ते नखानं खरवडलं तर कोल्ह्याची शेपटीही निघेल म्हणून तसंच ठेवलंय.

दीड. मध्यान्ह भोजन. डाळ-भात वाढून होतो तोच एका मुलीचे वडील दारात. गळ्यात कंठी, कबीरपंथी, म्हणजे शाकाहारी. हातात आमचंच चित्रपुस्तक. “मॅडम, येला झन देवव.” हे देऊ नका. पान सातवर आई तव्यावर अंडं फोडतेय. रागावले नव्हते, अवघडले होते.

मला २०१९ आठवलं. आमच्या छत्तीसगडात मध्यान्ह भोजनात अंडं द्यायचं ठरलं आणि कबीरपंथीयांनी आंदोलन केलं. सरकारनं तोडगा काढला: पालकांचा विरोध असेल तिथं अंडं शाळेत न शिजवता खाणाऱ्या मुलांच्या घरी पोचवावं. कागदावर तरी कुणाच्या तोंडचं अंडं काढलं नाही. मीही तोच हिशेब लावला. त्यांच्या मुलीला दुसरं पुस्तक दिलं, हे कपाटात परत ठेवलं. त्यांची हरकत पान क्रमांकासकट रजिस्टरमध्ये लिहिली आणि खाली त्यांची सही घेतली.

तीन. स्टाफरूममध्ये सहकारी म्हणाले, “काढूनच टाका ना. कशाला डोक्याला ताप?”

यावरून ‘चरणदास चोर’ निघालंच. ते लिहिणारे नाटककार हबीब तन्वीर याच रायपूरचे. ८ जून २००९ला ते गेले आणि दोनेक महिन्यांतच शाळांच्या पुस्तक वाचन सप्ताहातून त्यांचं हे पुस्तक वगळण्याचा आदेश निघाला. सतनामी गुरूंनी हरकत घेतली होती. हरकतीला मी हसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या अपमान गिळलेल्या समाजाला छापलेलं काही टोचलं, तर आधी ऐकून घ्यायचं. पण १९७४मध्ये भिलाईच्या मैदानात हे नाटक पहिल्यांदा उभं राहिलं ते सतनामी प्रेक्षकांपुढेच. त्यात सतनामींचीच पंथी गीतं आहेत. नायक चोर खरा, पण खरं बोलण्याचा शब्द पाळताना जीव गमावतो. हे पुस्तक सातवी-आठवीच्या मुलांसमोर ठेवून गुरूंनाच बोलवायचं होतं की वर्गात! सप्ताह वाचनाचा होता ना?

“म्हणजे कशावरच हरकत नको?” सहकाऱ्यांनी विचारलं.

का नको? २०१५मध्ये आपल्याच राज्याच्या दहावीच्या सामाजिक विज्ञानात बेरोजगारीच्या कारणांमध्ये नोकरी करणाऱ्या बायका मोजल्या होत्या. जशपूरकडच्या एका शिक्षिकेनं थेट महिला आयोगाकडे तक्रार केली. मी तिच्या बाजूची. पाठ्यपुस्तक सक्तीचं असतं, त्यातलं उत्तर न लिहिणाऱ्याचे मार्क जातात. तिथं एकेक वाक्य चाळणीतून जायलाच हवं. कपाटातलं पुस्तक नको असेल त्यानं नेऊ नये. या दोन्हींना एकच कायदा लावणारे लोक मला कळत नाहीत. बहुधा दोन्हींपैकी काहीच वाचत नसावेत.

साडेचार. शाळा संकुलाला वाचनालयाची यादी पाठवायची आहे. नाव, लेखक, प्रकाशक, प्रती, शेरा. चित्रपुस्तकापुढे लिहिलं: ‘पान ७, एका पालकाची हरकत. मुलीला दुसरं पुस्तक दिलं. हे वाचनालयात राहील.’

पाच. संकुल समन्वयकांचा फोन. “मॅडम, शेरा कोरा ठेवा. वर कुणी पाहिलं तर पुस्तकच मागवून घेतील.”

“घेऊ द्या. वाचतील तरी.”

“वाचायला थोडंच मागवतात!”

शेरा न बदलता यादी पाठवली आणि पुस्तकाच्या सगळ्या प्रती मुलांना घरी न्यायला दिल्या. मागवलंच तर सध्या एकही जागेवर नाही.