चिपमधली सामाईक विहीर

रजिस्टर हा शब्द शिक्षकांना समजावून सांगायला नको. हजेरीचे रजिस्टर, जनरल रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर यांतच आपला अर्धा दिवस जातो. संगणकाच्या चिपमध्येही रजिस्टरे असतात, पण ती अगदी छोटी. एका रजिस्टरात बहुधा ३२ चौकटी आणि प्रत्येक चौकटीत शून्य किंवा एक. मात्र या वहीत लिहिणे म्हणजे नुसती नोंद करणे नव्हे. एका चौकटीत १ लिहिला की दिवा लागतो, दुसरीत लिहिला की चिपचा एखादा भाग जागा होतो. म्हणजे ही वही कमी आणि स्विचबोर्ड जास्त.

आता कोणता स्विच कुठे आहे, हे लिनक्ससारख्या कार्यप्रणालीला कसे कळते? टेबलावरच्या संगणकात बसवलेली कार्डे विचारल्यावर स्वतःची ओळख सांगतात. पण राउटर, मोबाइल किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक यांच्या चिपमधले बहुतेक भाग मुके असतात. त्यांची माहिती कोणीतरी आधी लिहून ठेवावी लागते. या लिखित वर्णनाला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात. त्यात कोणता भाग कोणत्या पत्त्यावर आहे, त्याची रजिस्टरे किती बाइटांत पसरली आहेत, तो कोणावर अवलंबून आहे, हे सारे येते.

ही कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत मिच ब्रॅडली यांच्या कामातून आली आणि १९९४ साली ‘ओपन फर्मवेअर’ या नावाने तिचे प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातल्या एका शाळेशीही तिचा संबंध आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्या लॅपटॉपचे फर्मवेअर ब्रॅडली यांचे ओपन फर्मवेअरच होते. मोबाइलसारख्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘आर्म’ जातीच्या चिपांसाठी मात्र बराच काळ प्रत्येक बोर्डाची माहिती लिनक्सच्या प्रोग्राममध्येच कोंबली जात असे. २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर उघड नाराजी दाखवली. त्यानंतर तिथेही डिव्हाइस ट्रीचा वापर वाढला.

डिव्हाइस ट्री म्हणजे काय, हे राजूरच्या परिसरात समजावायचे तर सात-बारा उताऱ्यासारखे उदाहरण नाही. उतारा जमिनीविषयी बोलतो. उद्या कोणता ट्रॅक्टर नांगरायला येणार, हे त्यात नसते. डिव्हाइस ट्रीनेही हार्डवेअरचेच वर्णन करावे, ते चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सोयीचे नव्हे, असा लिनक्सच्या मंडळींचा दंडक आहे. आणि कोणत्या रकान्यात काय लिहायचे हे गाव नमुना ठरवतो, तसे इथेही प्रत्येक जातीच्या भागासाठी एक नमुना ठरवलेला असतो. त्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात.

एका शेताचे तीन भावांनी तीन पट्टे केले, विहीर मात्र एकच राहिली. ती कोणाच्या उताऱ्यावर लिहायची? थोरल्याच्या नावावर लिहिली तर त्याने पट्टा विकला की धाकट्यांचे पाणी तुटते. तिघांच्या उताऱ्यांवर तीन विहिरी दाखवल्या तर कागदावर तीन आणि जमिनीत एक! खरी नोंद अशी, की विहीर एक, ती सामाईक, आणि प्रत्येकाचा तिच्यावरचा हक्क आपापल्या उताऱ्यावर नोंदलेला.

नेमकी हीच परिस्थिती २०१२ साली विक्रीला आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ या चिपमध्ये आहे. तिच्यात ‘ऑक्स’ नावाचा एक विभाग आहे. त्यात तीन जोडण्या राहतात: एक साधी सीरियल जोडणी आणि दोन ‘एसपीआय’ जोडण्या (संवेदक, छोटे पडदे वगैरे लावायला). विभागाच्या सुरुवातीपासून ६४व्या बाइटाला सीरियलचा पट्टा सुरू होतो, १२८व्याला पहिल्या एसपीआयचा, १९२व्याला दुसरीचा. प्रत्येक पट्टा ६४ बाइटांचा. पण अगदी सुरुवातीचे ८ बाइट तिघांचे सामाईक. त्यांतल्या एका रजिस्टरात तीन चौकटी आहेत आणि प्रत्येक चौकट एकेक जोडणी चालू-बंद करते. चौकटीत शून्य असेल तर त्या जोडणीची स्वतःची रजिस्टरेसुद्धा हाताळता येत नाहीत.

इथे भांडण कसे लागते, ते वर्गात करून पाहता येईल. फळ्यावर तीन चौकटी आखा, तिन्हींत ०. दोन मुलांना पुढे बोलवा. एकाला पहिल्या चौकटीत १ हवा आहे, दुसऱ्याला दुसऱ्या चौकटीत. नियम एकच: एक चौकट सुटी बदलता येत नाही, पूर्ण ओळ पुसून पूर्ण ओळ लिहायची, कारण प्रोसेसरही ३२ चौकटी एकदम लिहितो. दोघे फळ्यावरची ००० ही ओळ आपापल्या वहीत उतरवून घेतात. पहिला आपल्या वहीत बदल करून फळ्यावर १०० लिहितो. दुसऱ्याच्या वहीत अजून ०००च आहे; तो त्यात आपला बदल करून ०१० लिहितो. पहिल्याचा १ गेला. दोघांनीही नियम पाळला, तरी गेला. आता खडू एकाच मॉनिटरकडे द्या आणि दोघांनी त्याला आपली मागणी सांगायची असे ठरवा. भांडण मिटते.

संगणकात हा घोटाळा क्वचितच, दोन प्रोग्राम अगदी एकाच क्षणी आले तरच होतो. म्हणून तो सापडायला फार अवघड. दहा वेळा सीरियल जोडणी चालते, अकराव्या वेळी गप्प बसते, आणि माणूस वायर बदलत राहतो.

लिनक्समध्ये या विभागाची नोंद आज अशी आहे: सामाईक ८ बाइटांचा एक स्वतंत्र घटक, तीन पट्ट्यांचे तीन घटक, आणि प्रत्येक पट्ट्याच्या नोंदीत त्या सामाईक घटकाकडे बोट. खडू मॉनिटरकडे. त्या सामाईक घटकाला घड्याळ-स्पंद पुरवणारा म्हटले आहे. हे मला थोडे ओढूनताणून वाटते, कारण चिपच्या माहितीपुस्तिकेत त्या चौकटीला नुसते ‘चालू करणारी’ म्हटले आहे. पण विहीर एकदाच नोंदली गेली, हे महत्त्वाचे.

सगळीकडे इतके नीट पट्टे पडलेले नसतात. काही चिपांत एकाच रजिस्टरात चार असंबद्ध भागांच्या चौकटी मिसळलेल्या असतात. तिथे खोटे पट्टे पाडू नयेत. तो सगळा तुकडा ‘सिसकॉन’ या जातीचा एक घटक म्हणून नोंदवतात आणि बाकीचे त्याचा हवाला देतात.

नोंद सुरुवातीलाच अपुरी झाली तर? याच चिपमध्ये ‘पीएम’ नावाचा, वीजपुरवठा सांभाळणारा विभाग आहे. त्यात पहारेकरी घड्याळही आहे: प्रोग्राम अडकून पडला तर ठरावीक वेळाने यंत्र पुन्हा सुरू करणारे. (या विभागात काहीही लिहिताना वरच्या आठ चौकटींत ९० हा आकडा घालावा लागतो, नाहीतर लेखन मानलेच जात नाही. भटक्या प्रोग्रामपासून राखण!) लिनक्सला आधी फक्त पहारेकरी हवा होता, म्हणून पहिले ४० बाइट ‘पहारेकरी’ म्हणून नोंदवले गेले. पण कॅमेरा, चित्रांकन वगैरे भागांची वीज चालू-बंद करणारी रजिस्टरेही त्याच विभागात होती. २०१९च्या सुमारास तीही वापरायची ठरली, तेव्हा अडचण आली. जुनी नोंद घेऊन फिरणारी कार्डे जगभर पसरली होती, आणि नवे लिनक्स जुन्या नोंदीवरही चालले पाहिजे हा नियम. शाळेच्या कपाटातला जुना बोर्ड नव्या लिनक्सवर सुरूच झाला नाही, तर शिक्षकाने कोणाकडे जावे?

तोडगा असा निघाला. नव्या नोंदीत विभाग २७६ बाइटांचा झाला, वीजपुरवठ्याशी संबंधित आणखी एका तुकड्याचा पत्ता जोडला गेला, आणि ‘पीएम’ या नव्या नावापुढे जुने पहारेकऱ्याचे नावही ठेवले गेले. प्रोग्राम आधी दुसऱ्या तुकड्याचा पत्ता आहे का ते पाहतो. असला तर पूर्ण विभाग वापरतो, नसला तर नोंद जुनी आहे असे समजून फक्त पहारेकरी चालवतो.

शाळेत जुना रास्पबेरी पाय असेल तर मोठ्या मुलांना हे दाखवता येईल. ‘प्रॉक’ डिरेक्टरीत ‘डिव्हाइस-ट्री’ उघडा, त्यात ‘एसओसी’ उघडा. पीएम विभागाच्या फोल्डरचे नाव तिथे अजूनही ‘वॉचडॉग’, म्हणजे पहारेकरी, असेच दिसेल.