हँडल थरथरते तेव्हा

सुट्टी लागली की मोटारसायकलला बॅगा बांधून लांबच्या सफरीला निघण्याची हौस आता घरोघरी दिसते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पती-पत्नीही सोलापूरहून विजापूरला गोलघुमट पाहायला निघालो. दोन्ही बाजूंना बॅगा, मागे सामानाची पेटी. पुढे टोलनाका दिसला म्हणून मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला. वेग साठच्या आसपास उतरला आणि हँडल डावी-उजवीकडे जोरात थरथरू लागले. घाबरून मी ते आणखी घट्ट आवळले, तशी थरथर वाढली. "अहो, काय होतंय?" मागून आवाज आला. माझ्याकडे उत्तर नव्हते. अल्लाहची कृपा, वेग कमी होत गेला आणि गाडी सावरली.

वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने काही न विचारता हँडलचा कोनसेट आवळून दिला. परतताना थरथर तशीच राहिली. वर हँडल जड होऊन कमी वेगात गाडी भरकटू लागली.

सोलापुरातल्या आमच्या मिस्त्रीचाचांनी मात्र पाना उचलण्याआधी तीन प्रश्न विचारले. "सर, किती वेगाला होतं? अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर की देताना? सामान कुठं बांधलं होतं?" निम्मे निदान या प्रश्नांतच होते.

ब्रिटिश अभियंता रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये गणिताने दाखवले, की मोटारसायकलचे डोलणे एकाच प्रकारचे नसते. एकात पुढचे चाक आणि हँडल वेगाने थरथरते, सेकंदाला सात-नऊ वेळा. दुसऱ्यात अख्खी गाडी संथपणे नागमोडी डोलते, सेकंदाला दोन-चार वेळा, तेही बहुधा जास्त वेगात. पहिल्याचे कारण आधी पुढच्या बाजूला शोधावे. दुसऱ्यासाठी सामान, मागचा टायर आणि स्विंग आर्मचे बुश पाहावे.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा.

1. सामान उतरवून गाडी चालवून पाहा. थरथर गेली, तर वजनाची मांडणी चुकली आहे. मागच्या चाकाच्याही मागे आलेले वजन पुढचे चाक हलके करते.

2. टायर थंड असताना हवा मोजा. आकडा गाडीच्या माहितीपुस्तकातला घ्या. मग टायरवरून तळहात फिरवा. उंचसखल लागले, तर तो असमान झिजला आहे. टायरवर चार अंकी शिक्का असतो. '2321' म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक झालेले असते.

3. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा आणि फिरवा. रिम डोलते का, आरे ढिले आहेत का, ते पाहा. चाकाचे बॅलन्सिंगही करून घ्या.

4. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने शॉकअपची खालची टोके पुढे-मागे ओढावीत. खटखट जाणवली, तर कोनसेट ढिला. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकल्यासारखे झाले, तर बेअरिंगच्या वाट्यांना खळगे पडले आहेत. तिथे आवळून भागत नाही, संच बदलावाच लागतो.

5. शेवटी मागचे चाक सरळ रेषेत आहे का ते तपासा. चेन ताणताना ते बऱ्याचदा तिरके होते.

आमच्या गाडीचा कोनसेट मुळात ठीकच होता. तो उगाच आवळला गेला होता. पुढचा टायर मात्र लाटांसारखा झिजलेला निघाला आणि जड सामान सगळे मागच्या पेटीत होते. टायर बदलला, बॅलन्सिंग केले, कोनसेट पुन्हा बेताचा केला. जड वस्तू खालच्या बॅगांत, शक्य तितक्या पुढे ठेवल्या. थरथर गेली.

धावत्या गाडीचे हँडल थरथरले, तर त्याच्याशी झोंबू नका. हात भक्कम पण सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू कमी करा. पुढचा ब्रेक करकचून दाबू नका. गाडी थांबली की कारण सापडेपर्यंत वेगाने चालवू नका.

काही जण थरथर थांबवायला हँडलला डॅम्पर बसवतात. दोष तसाच ठेवून डॅम्पर लावणे म्हणजे ताप दाबून आजार अंगात ठेवणे. मागे घरचे माणूस बसवून सफरीला निघायचे असेल, तर आदल्या संध्याकाळी या तपासणीला अर्धा तास जरूर काढा.