खिशातला महागडा कॅमेरा: घ्यावा की न घ्यावा?



गणपतीचा कार्यक्रम झाला की दोन-चार जण हमखास विचारतात, "तुमचा कॅमेरा कुठला हो?" यंदा एका मैत्रिणीचा प्रश्न जरा वेगळा होता. डिसेंबरात पुण्याला तिच्या सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे. "हजार डॉलर घालू का, की फोन पुरे?" तिला अर्धा तास जे सांगितले तेच इथे लिहिते.

माझ्याकडे सोनीचा आरएक्स १०० मार्क ३ आहे, सेकंडहँड घेतलेला. या मालिकेतला पहिला कॅमेरा २०१२ साली आला. किंमत ६५० डॉलर, वजन २४० ग्रॅम. त्याची खरी करामत आतल्या सेन्सरमध्ये होती. १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांच्या साधारण चौपट क्षेत्रफळ. जितका मोठा सेन्सर तितका जास्त प्रकाश गोळा होतो, आणि आपले सगळे सोहळे तर ट्यूबलाइटच्या उजेडातच होतात!

आता ओवाळण्याचाच प्रसंग घ्या. अंधुक उजेडात फोन बऱ्याचदा पटापट अनेक फोटो काढून ते एकत्र करतो. बसलेल्या आजी छान येतात, पण ओवाळणाऱ्या काकूंचा हात फराटा होऊन जातो. कॅमेऱ्यावर शटर १/१२५ सेकंदाला बांधून ठेवता येते. फोटोत थोडे दाणे दिसतील, पण हात हातासारखा दिसेल. नाचणाऱ्या मुलांसाठी मी १/२५० ठेवते.

मग सगळ्यात नवा, सगळ्यात महाग तोच घ्यावा का? इथेच लोक फसतात. २०१४ च्या मार्क ३ ची लेन्स २४ ते ७० मिलिमीटरची, आणि ती एफ १.८ ते २.८ एवढी उघडते (आकडा लहान तितके भोक मोठे). २०१९ च्या मार्क ७ चा झूम थेट २०० पर्यंत जातो, पण भोक २.८ पासूनच सुरू होते. पूर्ण झूम केला की ४.५. झूम न करता पाहिले तरी मार्क ३ मध्ये जवळजवळ अडीचपट प्रकाश येतो. बागेत, किल्ल्यावर, मुलाच्या सॉकर मॅचला मार्क ७ उत्तम. कार्यालयातल्या समारंभाला मी जुनाच घेईन आणि पुढच्या रांगेत बसेन. मागून ७० मिलिमीटरने काहीच हाती लागत नाही, हेही खरे.

बाकी तक्रारी आहेतच. कॅमेरा गुळगुळीत, हातातून निसटतो, म्हणून मनगटाचा पट्टा हवाच. मार्क ३ ची बॅटरी कागदावर ३२० फोटोंची, त्यामुळे जास्तीची एक जवळ ठेवा. वरून वेगळा फ्लॅश लावायची सोय नाही. लेन्स आतबाहेर होते तेव्हा धूळ आत जाऊ शकते, आणि लेन्स निघत नसल्याने सेन्सर घरी पुसता येत नाही. सेकंडहँड घेताना पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके दिसतात का ते आधी बघा.

आणि एक घरगुती दोष. फोनवरचे फोटो त्याच रात्री सगळ्या नातेवाइकांकडे पोचतात. माझ्या कार्डात गेल्या तीन कार्यक्रमांचे तसेच पडून आहेत. असो.

मैत्रिणीला म्हटले, हजार डॉलर नकोत. जुना मार्क ३ शोध, पण आत्ताच. विमानात बसायच्या आदल्या दिवशी घेतलेला कॅमेरा ऐनवेळी कुणालाच चालवता येत नाही. दोन महिने रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांचे फोटो काढ. आणि एवढा वेळ नसेल तर सरळ फोनच ने. कॅमेऱ्याच्या बटणांशी झटापट करत ओवाळणे हुकवण्यापेक्षा ते बरे.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मी माझा कॅमेरा आणणार आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी आपले एसडी कार्ड घेऊन यावे. हॉलमध्येच चार फोटो काढा आणि घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर फोनच्या फोटोंशेजारी ठेवून पाहा.