स्वस्त केकचा हिशेब: बचत कुठे करावी, कुठे नको

नाताळ पंधरा दिवसांवर आला, की वसईतल्या किराणा दुकानांत मैदा, मनुका आणि कोकोला मागणी वाढते. केक आता फक्त नाताळापुरता किंवा ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. नालासोपारा, विरारच्या सोसायट्यांमध्ये वाढदिवसाच्या केकच्या ऑर्डरी घेऊन घराला हातभार लावणाऱ्या कितीतरी गृहिणी आहेत. यादी घेऊन दुकानात गेले, की त्यांच्यापुढे एकच प्रश्न असतो. लोणी महाग, चॉकलेट महाग, मग काटकसर करायची कशात? तेवढ्यात दुकानदार विचारतो, "सुटं देऊ का? स्वस्त पडेल."

या प्रश्नाला सरसकट 'हो' किंवा 'नको' असे उत्तर नाही. प्रत्येक जिन्नस केकमध्ये नेमके कोणते काम करतो, हे आधी पाहावे. तेच काम स्वस्त वस्तू करत असेल, तर बिनधास्त बदल करावा. पण पैसे वाचवताना वस्तू कशाची आहे, कुठली आहे, किती जुनी आहे हेच कळेनासे होत असेल, तर ती बचत नव्हे.

मोठा डबा नेहमीच स्वस्त नसतो

पाकिटावर हल्ली एमआरपीशेजारी 'युनिट सेल प्राइस' छापलेली असते. एक ग्रॅम किंवा एक किलो वस्तू कितीला पडते, ते त्यावरून कळते. दोन कंपन्यांची तुलना या आकड्यावरून करावी, पाकिटाच्या आकारावरून नव्हे.

मात्र हा आकडाही कधी कधी फसवतो. समजा, बेकिंग पावडरचा १०० ग्रॅमचा डबा ५० रुपयांना आणि ५०० ग्रॅमचा २०० रुपयांना आहे. मोठा डबा ग्रॅममागे दहा पैशांनी स्वस्त दिसतो. पण सहा महिन्यांत तुम्ही चारच केक केलेत, तर लागली जेमतेम ४० ग्रॅम. उरलेली पावडर निकामी झाली, तर वापरलेला प्रत्येक ग्रॅम मोठ्या डब्यात पाच रुपयांना पडला आणि छोट्या डब्यात सव्वा रुपयाला.

बेकिंग पावडर निकामी का होते? तिच्यात खाण्याचा सोडा, कोरडे आम्ल आणि थोडा स्टार्च असतो. पाणी मिळाले, की सोडा आणि आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. वसईसारख्या खाडी आणि समुद्राकाठच्या दमट हवेत हीच क्रिया डब्यातच हळूहळू होऊन जाते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत पडून राहिलेल्या सुट्या पावडरीचे तर विचारूच नका. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून पाहा. लगेच फसफसली तर चांगली. सोडा तपासायचा असेल, तर त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा.

केक फुगत नाही म्हणून सोडा वाढवणे मात्र चूक आहे. चव साबणासारखी होते आणि सोडियमही वाढते. चहाचा एक सपाट चमचा सोड्यात सुमारे १,२५० मिलिग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सांगितली आहे. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील, तर हे ध्यानात ठेवावे.

इथे खुशाल वाचवा

वेगळे 'केक फ्लोअर' आणण्याची गरज नाही. एक कप मैद्यातून दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढेच कॉर्नफ्लोअर घाला आणि दोन-तीनदा चाळा. ग्लुटेनचे प्रमाण कमी झाल्याने केक हलका होतो. निम्मी कणीक घातली तरी चालते. फक्त तिच्यातला कोंडा पाणी धरतो, म्हणून थोडे दूध वाढवावे.

व्हॅनिलाची खरी शेंग ही केशरानंतरचा सर्वांत महागडा मसाला मानली जाते. स्वस्त इसेन्समधले व्हॅनिलिन कारखान्यात तयार झालेले असले, तरी शेंगेतल्या मुख्य सुगंधी द्रव्याचाच तो रेणू आहे. भाजलेल्या केकमध्ये बहुतेकांना फरक कळत नाही. बाटली मात्र लेबल असलेली घ्यावी.

बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. त्यामुळे १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल आणि दोन छोटे चमचे जादा दूध घेतले, तर चॉकलेट किंवा केळ्याचा केक उत्तम होतो. साय साठवून विरजण लावत असाल, तर दुहेरी फायदा. लोणी घरचे मिळते आणि उरलेले आंबट ताक सोड्याला लागणारे आम्ल पुरवते. पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट ताक एक चमचा बेकिंग पावडरचे काम करतात. तेवढे दूध मात्र कमी करावे.

चॉकलेटऐवजी कोको वापरता येतो. तीन मोठे चमचे कोको आणि एक मोठा चमचा तेल मिळून २८ ग्रॅम बिनसाखरेच्या चॉकलेटची जागा घेतात.

आणि केळी तर वसईची ओळखच. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करण्याची इथली परंपरा, म्हणजे पिकलेले फळ वाया न घालवण्याचेच शास्त्र. संध्याकाळी बाजारात काळे ठिपके पडलेली केळी कमी भावात मिळतात. पिकताना त्यांतल्या स्टार्चची साखर झालेली असते, त्यामुळे केकमधली साखर पाव हिश्शाने कमी करता येते. एक मध्यम केळे कुस्करून एका अंड्याऐवजी चालते. केक किंचित घट्ट होतो, एवढेच. आंबूस वास येणारी किंवा बुरशी धरलेली केळी मात्र टाकूनच द्यावीत.

एक गैरसमजही दूर करू. 'मधुमेह आहे म्हणून गुळाचा केक' ही महागडी फसवणूक आहे. गूळसुद्धा मुख्यतः साखरच.

इथे हात आखडू नका

पहिली गोष्ट स्निग्ध पदार्थांची. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना प्रक्रिया अर्धवट राहिली, तर ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल, वनस्पती तूप आणि मार्जरिनमध्ये ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. पण कागदात बांधून दिलेल्या वनस्पतीवर ना आकडा, ना तारीख. सीलबंद पाकीटच घ्यावे. लेबलवर 'ट्रान्स फॅट शून्य' असले, तरी संपृक्त स्निग्धांशाची ओळ वाचावी. स्वस्त कंपाउंड चॉकलेट आणि बिनदुधाच्या व्हिपिंग क्रीममध्ये तो भरपूर असतो. क्रीमचा थर पातळ ठेवला, तर पैसे आणि हृदय दोन्ही वाचतात.

दुसरी गोष्ट रंगांची. केकवरची लाल 'चेरी' पुष्कळदा करवंदच असते, साखरेत मुरवलेले आणि रंगवलेले. तिच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एरिथ्रोसिन या रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली. भारतात तो ठरावीक प्रमाणात चालतो. नाताळातल्या एखाद्या चेरीने घाबरून जायचे कारण नाही. पण पुडीत मिळणारी सुटी रंगाची पूड खाण्याची आहे की कापडाची, हे डोळ्यांना कळत नाही. कापड रंगवण्याचा रोडामिन-बी खाद्यपदार्थांत सापडल्यावर २०२४ मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकाने त्याविरुद्ध बंदीचे पाऊल उचलले होते. त्यापेक्षा मनुका, खजूर बरे. टुटीफ्रुटीही कच्च्या पपईचीच असते. पपईचे तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकडा, साखरेच्या पाकात मुरवा आणि रंगासाठी बिटाचा रस घाला.

तिसरी गोष्ट तडकलेल्या अंड्यांची. ती स्वस्त मिळतात, पण तडकलेल्या कवचातून साल्मोनेलासारखे जंतू सहज आत शिरतात. केक नीट भाजला, तर धोका कमी होतो. पण कच्चे मिश्रण चाटणारी मुले घरोघरी असतात.

ऑर्डरी घेणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी आणि आणलेल्या प्रत्येक पाकिटावर चौदा अंकी परवाना क्रमांक व तारीख पाहावी. पाकीट रिकामे झाले, तरी लेबल केक दिल्यानंतर काही दिवस जपून ठेवावे. एखाद्या मुलाला त्रास झाला, तर त्याने काय खाल्ले हे डॉक्टरांना सांगता येते. सुट्या पुडीला हे उत्तर देता येत नाही.